चारही चाकं सारखी



आजचा लेख स्वयंपाकघरातला नाही, गाडीचा आहे. ज्यांना गाडीत रस नाही त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं, बिनकांद्याच्या कटाच्या आमटीवर लिहायचं ठरलंय. पण आमच्या घरात गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त चर्चा, रुसवे आणि हिशेब ज्या वस्तूवरून झाले ती ही जुनी गाडीच. तिला लेखातून किती दिवस लांब ठेवणार!

नवीन वाचकांसाठी थोडंसं. आम्ही अमेरिकेत व्हरमाँट राज्यात राहतो, न्यू हॅम्पशायरच्या हद्दीला लागून, टेकडीवरच्या लहानशा गावात. माझं माहेर शिरोळ तालुक्यात, सासर इचलकरंजीत. ह्यांची नोकरी नदीपलीकडच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि निम्म्या वेळा रात्रपाळी. मी गावच्या शाळेत मदतनीस. व्हरमाँटमधले निम्म्याहून जास्त रस्ते कच्चे आहेत, आमचाही त्यातलाच. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाऊण मैल उतार, आणि उताराच्या पायथ्याशी ‘थांबा’ची लाल पाटी.

तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या पाटीशी मी थांबले नाही. म्हणजे थांबायला गेले, ब्रेक पूर्ण दाबला होता, पण आमची तेव्हाची छोटी गाडी बर्फावरून तशीच सरकत राहिली. डावीकडून येणारा लाकडांचा ट्रक आमच्या पुढून गेला आणि आम्ही त्याच्या मागून रस्ता ओलांडून पलीकडच्या चरीत. दोन-तीन सेकंदांचा फरक. लेक मागे बसली होती. तिच्या मांडीवरचा पोह्यांचा डबा उघडून सगळीकडे पोहे झाले आणि ती रडायच्या ऐवजी हसायला लागली. मला मात्र त्यानंतर दोन महिने गाडी चालवता आली नाही. किल्ली हातात घेतली की हात गार पडायचे. लेकीचं तबला शिकणं बंद झालं. बोस्टनजवळच्या नॉरवुडच्या जैन सेंटरला महिन्यातून एकदा जायचो, तेही बंद. ह्यांनी रात्रपाळी करून आल्यावर मला शाळेत सोडायचं आणि मग झोपायचं. घरात कुणी काही बोललं नाही, पण हे असं चालणार नव्हतं.

तर ठरलं की चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घ्यायची, जुनी, आणि साडेतेरा हजार डॉलरच्या आत. व्हरमाँटमध्ये याचं उत्तर शेजारीपाजारी कुणालाही विचारा, एकच येतं: सुबारू आउटबॅक. लांब पाठीची वॅगन, ब्रिटनमध्ये जिला इस्टेट म्हणतात तशी. आपल्याकडेही १९९२ च्या सुमारास टाटा इस्टेट निघाली होती, आमच्या साखर कारखान्याच्या एका साहेबांकडे होती, आठवत असेल काहींना. ती फार चालली नाही. इथे मात्र वॅगनची डिकी म्हणजे संसार. तबला-डग्गा, धान्याची पोती, घसरगुंडीची ढकलगाडी, सगळं आडवं मावतं.

या कंपनीची बर्फाशी ओळखही जुनी. जपानच्या उत्तर भागातल्या वीज कंपनीला हिमाच्छादित डोंगरांत फिरायला गाडी हवी होती. जीप चालायची, पण ती थंड आणि हाडं खिळखिळी करणारी. त्यातून १९७२ मध्ये लिओन नावाची चारचाकी ताकदीची इस्टेट बाजारात आली. आणि नावाची गंमत सांगायलाच हवी: सुबारू म्हणजे जपानीत कृत्तिका! गाडीच्या नाकावरच्या त्या सहा चांदण्या कृत्तिकाच. हे मला कळलं तेव्हा निर्णय अर्धा झाला होता. अशा कारणांनी गाडी घेऊ नये, हे मलाही कळतं.

पहिली पाहिलेली गाडी सगळ्यात चांगली होती. एकच मालक, ब्याऐंशी हजार मैल, प्रत्येक सर्व्हिसची पावती फाइलला लावलेली. दार उघडलं आणि वास आला. कातडी सीटा.

या गाडीचं असं आहे की खालच्या श्रेणीत सीट कापडी आणि स्टिअरिंगही साधं. मधल्या श्रेणीत सीट कापडी पण स्टिअरिंगला कातडं. वरच्या श्रेणीत सगळंच कातडं. मी आत बसलेच नाही. हे बसले, चक्कर मारून आले, आणि घरी येताना म्हणाले, “गाय सात वर्षांपूर्वी गेली. आपण ही गाडी घेतली नाही तर ती परत येणार आहे का? नवीन कातडं तर आपण विकत घेत नाही.”

मुद्दा चुकीचा नव्हता. दोन दिवस मी त्यावर विचार केला. कृत, कारित आणि अनुमोदना हे आपण पाठशाळेत शिकलो. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, आणि केलेल्याला मान डोलावणं. पहिल्या दोन्हींत मी नाही, पण तिसऱ्याचं काय? मग मी जाहिरातींची तुलना काढली. तेवढेच मैल, तेच वर्ष, पण कापडी सीट असेल तर किंमत कमी. म्हणजे जुन्या गाडीतही कातड्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात, आणि ते मी देणार होते. ह्यांना दाखवलं. ते म्हणाले, “बरं. पण मग फाइलवाली गाडी सोडलीस हे लक्षात ठेव.” ठेवलं आहे. अजूनही ती फाइल आठवते.

दुसरी गाडी एका विक्रेत्याकडची, चकचकीत. खाली वाकून पाहिलं तर खालचा भाग नवाकोरा काळा रंगवलेला. मला ते बरं वाटलं, काळजी घेतलीय म्हणून. आमच्या गावच्या मेकॅनिक आजोबांनी ती लिफ्टवर चढवली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मागच्या मुठीने हलकेच ठोकलं. काळा पापुद्रा पडला, त्यामागे गंजाचा भुगा, आणि त्यामागे भोक. इथे हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात. बर्फ वितळतं, पण खारं पाणी गाडीच्या पोटात जाऊन लोखंड खातं. व्हरमाँटमध्ये दरवर्षी गाडीची तपासणी होते आणि सांगाड्याला आरपार गंज असेल तर गाडी नापास. मैत्रिणींनो, जुनी गाडी घेताना वरचा रंग पाहू नका, खालचा पाहा. आणि खालचा फारच सुंदर असेल तर दोनदा पाहा.

तिसरी गाडी मिळाली शेजारच्या गावातल्या निवृत्त शिक्षिकेकडे. २०१६ ची, सगळ्यात खालची श्रेणी, राखाडी कापडी सीटा, साधं स्टिअरिंग, सत्त्याण्णव हजार मैल. खालून वरवरचा तांबूस गंज, पण कुठे भोक नाही. इंजिनाला टायमिंग बेल्टऐवजी चेन, त्यामुळे लाख मैलांना बेल्ट बदलायचा मोठा खर्च नाही. बाईंनी चहा विचारला, आणि गाडीचे दोष स्वतःहून सांगितले: मागचे ब्रेक पॅड संपत आलेत, पुढचे दिवे पिवळे पडलेत, हीटर लावला की कसलातरी वास येतो. एक गोष्ट त्यांना दोष वाटली नाही म्हणून सांगितली नाही. मागच्या वर्षी पंक्चर झाल्यावर त्यांनी पुढचे दोन टायर नवे घातले होते, दुसऱ्या कंपनीचे, आणि मागचे दोन जुनेच ठेवले होते.

मला तर ती जमेची बाजू वाटली. दोन टायर नवे! पण त्यांच्या अंगणात गाडी पूर्ण वळवून मागे घेताना ती अडखळत होती, जसं कुणीतरी मागून धरून ठेवलंय. मेकॅनिक आजोबांनी टायरच्या नक्षीची खोली मोजली आणि मान हलवली. चारही चाकं एकमेकांना बांधलेली असतात, त्यामुळे त्यांचा घेर सारखा लागतो. पाव इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. हिशेब करून पाहा, नक्षीच्या खोलीत जेमतेम एक मिलिमीटर. लहान घेराचं चाक जास्त फेरे घेतं, मोठं कमी, आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा क्लच त्या दोघांच्या भांडणात सतत घासत राहतो. तो गेला तर खर्च हजारांत.

रात्री फोनवर आप्पांना सांगितलं. आम्ही दक्षिण महाराष्ट्रातले जैन म्हणजे बहुतेक शेतकरीच, आप्पांनी जन्मभर ऊस केला. त्यांना पाव इंच, क्लच वगैरे काही सांगावं लागलं नाही. “अगं, जोडीत एक बैल हातभर उंच घेतला तर जू बसंल का सरळ? दोघांचे बी खांदे सुजतील.” मग विचारलं, “किती दिवस चालवलीय तशी?” हाच खरा प्रश्न होता. मेकॅनिकने गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचं तेल पाहिलं. जळका वास नव्हता, धातूचा चुरा नव्हता. बाईंची गाडी वर्षाला जेमतेम चार हजार मैल फिरायची, त्यामुळे वाचली असावी. सहाशे डॉलर कमी करून बारा हजारांत व्यवहार झाला. दिवाळीच्या आठवड्यात गाडी दारात आली. संध्याकाळी लेकीला पूर्वेला कृत्तिका दाखवल्या. तिला सहा दिसल्या, मला चष्मा लावून पाच.

खरा धडा त्यानंतर दहा दिवसांनी. नवे टायर मागवले होते, यायचे होते. त्या आधीच पहिला बर्फ पडला, दोन इंच. मी धीर करून बाहेर काढली. गाडी अशी निघाली की विचारू नका, चाक फिरलं नाही, घसरलं नाही, बर्फ नाहीच जणू. मी मनातल्या मनात णमोकार म्हणत होते, तो म्हणता म्हणता हसू आलं. पाऊण मैल उतरून पाटी आली. ब्रेक दाबला. पायाखाली पेडल खडखडलं आणि गाडी सरकत पाटीच्या पुढे गेली. तेच. अगदी तेच. त्या वेळी रस्ता मोकळा होता एवढाच फरक.

तिथेच धोक्याचे दिवे लावून पाच मिनिटं बसले. बारा हजार डॉलर, तीन महिन्यांची शोधाशोध, आणि मी पुन्हा त्याच पाटीपुढे. मेकॅनिक आजोबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “निघायला चार चाकं मदत करतात. थांबायला तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर ब्रेक असतातच. तिथे काम फक्त रबराचं.” साधी गोष्ट. मला इतक्या दिवसांत कुणी सांगितली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती. उलट अशा गाडीत धोका जास्त, कारण निघताना बर्फ जाणवतच नाही, आणि माणूस वेग वाढवतो.

साध्या टायरचं रबर सात अंश सेल्सिअसच्या खाली कडक होत जातं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, त्यावर बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. हे टायर शोधले फिनलंडवाल्यांनी. नोकिया गावच्या कारखान्यात १९३४ मध्ये पहिला हिवाळी टायर बनला, ट्रकसाठी. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असेल तरच घ्या. आम्ही चार घेतले, चारही एकाच कंपनीचे, एकाच दिवशी, साध्या लोखंडी रिमवर चढवून, म्हणजे एप्रिलमध्ये घरीच बदलता येतात. साधारण हजार डॉलर गेले. त्या महिन्यात दुसरं काहीच घेतलं नाही. एप्रिलसाठी चार नवे साधे टायर लागणार होते, त्याचे पैसे वेगळे साठवले.

टायरबद्दल एक कबुली. कातड्यावरून मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं, आणि मग वाचनात आलं की टायरच्या रबरात स्टिअरिक ॲसिड घालतात. ते पाम तेलापासून निघतं, तसंच प्राण्यांच्या चरबीपासूनही. दुकानदाराला विचारलं, त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळले. उत्तर मिळालं नाही. टायर घेतले. लेक मागच्या सीटवर बसते. ह्यांनी त्या दिवशी एक शब्द काढला नाही, याबद्दल त्यांचे आभार इथेच मानते.

गंजाच्या बाबतीत मात्र निवड करता आली. दर शरद ऋतूत गाडीच्या पोटाला तेलाचा फवारा मारून घ्यावा लागतो. त्यात दोन प्रकार. एक लॅनोलिनचं, म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं मेण. दुसरं खनिज तेलाचं. डब्यावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या. आम्ही दुसरं घेतो. दोन-तीन दिवस अंगणात थेंब पडतात, खाली पुठ्ठे पसरायचे. रंगासारखा जाड काळा थर नको. त्याच्या आत पाणी अडकलं की काय होतं ते दुसऱ्या गाडीत पाहिलंच.

हीटरच्या वासाचं कारण ग्लोव्ह बॉक्सच्या मागे निघालं. तिथे हवेचा फिल्टर असतो, दोन खिटक्या सोडवल्या की हाताने निघतो. बाहेर काढला तर वर ओकच्या बिया, गवत, कापसासारखा भुसा: उंदराचं घर. काढताना माझा जीव घशात आला होता. पिल्लं असती तर काय केलं असतं, कोण जाणे. घर रिकामं होतं. मेकॅनिकने विषाच्या पुड्या ठेवायला सांगितल्या, इथे सगळे ठेवतात. मी नाही म्हटलं. त्यांनी खांदे उडवले आणि काचेखाली जिथून हवा आत शिरते तिथे बारीक स्टीलची जाळी बसवून दिली, वीस मिनिटांचं काम. शेंगदाणे, चुरमुरे, काही म्हणून गाडीत राहू द्यायचं नाही हा नियम मी घरात काढला. दोन हिवाळे झाले, उंदीर आला नाही.

दिवे लेकीने आणि मी उजळले. बाजूच्या रंगाला चिकटपट्टी लावायची, ओल्या पॉलिश पेपरने आधी जाड मग बारीक असं घासायचं, पॉलिश, आणि शेवटी वरून संरक्षक थर. तो थर विसरलात तर वर्षभरात पुन्हा पिवळे. एक रविवार आणि वीस-पंचवीस डॉलर. डिसेंबरमध्ये इथे सव्वाचारला सूर्य मावळतो. सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून नॉरवुडहून परतताना आम्ही कॉनकर्डच्या पुढे कुठेतरी गाडी थांबवून डिकीचं दार वर करतो, त्याच्या आडोशाला दशम्या खातो, आणि पुढचा तासभर अंधारात. हरणं त्याच वेळी रस्त्यावर येतात. दिवे म्हणून आधी केले.

खालच्या श्रेणीच्या सीटा गरम होत नाहीत. त्यावर आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ घडी करून घातली, पण फक्त चालकाच्या बसायच्या भागावर. पाठीला घालायची नाही, कारण सीटच्या कडेला एअरबॅग असते, ती उघडायला वाट हवी. शेजारच्या सीटवरही नाही, तिथे वजन ओळखणारा सेन्सर असतो. सासूबाई गेल्या वर्षी आल्या तेव्हा म्हणाल्या, “मला का नाही वाकळ?” सेन्सर समजावून सांगितला. पटला नाही. हल्ली त्या मागे लेकीजवळ बसतात.

टायर बसल्यावर मी लगेच उतारावर गेले नाही. शाळेचं मैदान रिकामं असताना रविवारी तिथे गेले. ताशी पंधरा मैल वेग घेऊन ब्रेक पूर्ण दाबायचा, पेडल खडखडलं तरी पाय उचलायचा नाही. वीस-पंचवीस वेळा केलं. ह्यांनी बर्फात काठ्या रोवून अंतर मोजलं. पाच-सहा दिवस झाल्यावर हात गार पडायचे थांबले. कधी थांबले ते नेमकं आठवत नाही.

गेल्या जानेवारीत, तबल्याहून परतताना, आमच्याच उतारावर अर्ध्या वाटेत रानकोंबड्या आल्या. टर्की म्हणतात त्या, चांगल्या गुडघाभर उंच. एकीमागून एक, रांगेत, कुठलीही घाई नाही. मी चढावर होते, बर्फ दाबून कडक झालेला. ब्रेक दाबला, गाडी उभी राहिली. लेकीने अकरा मोजल्या. शेवटची मध्येच थांबून आमच्याकडे बघत राहिली, हॉर्न वाजवायची इच्छा झाली नाही. ती गेल्यावर पाय उचलला आणि गाडी तिथूनच, चढावरून, पुन्हा निघाली.

सध्या मागच्या डाव्या चाकातून चाळीसच्या वर गेलं की गुणगुण येते, विमान दूर असावं तशी. बेअरिंग असणार, असं आजोबा म्हणतात. मंगळवारी दाखवायची आहे. एक लाख दहा हजार मैल झाले, स्पार्क प्लगचंही विचारून घ्यायचं आहे. आणि एप्रिलमध्ये चिखलाचे दिवस सुरू होतील. बर्फ वितळून कच्चा रस्ता असा होतो की पावसाळ्यातली आमच्या मळ्याची पाणंद परवडली. तेव्हा टायर कधी बदलायचे, चिखलाआधी की नंतर, यावर घरात अजून एकमत नाही.